नववा प्रश्न

डॉक्टरांनी नवव्या प्रश्नावर पेन टेकवलं ते उचललंच नाही. कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला.

पहिले आठ प्रश्न त्यांनी हसतहसत उडवले होते. विद्यापीठातली एक मुलगी गावभरच्या डॉक्टरांचं ज्ञान तपासत फिरत होती. विषय, फिट येणाऱ्या तरुण बायकांचे उपचार. "तीस वर्षं हेच करतोय, आणि ही मला विचारणार!" म्हणत त्यांनी फॉर्म ओढला होता. नववा प्रश्न साधाच होता: मूल होण्याच्या वयातल्या बाईला यांपैकी कोणती गोळी शक्यतो देऊ नये? चार नावांत त्यांची आवडती गोळी होती. बाळात व्यंग येऊ शकतं, असं कधीतरी वाचलेलं त्यांना आत्ता आठवलं. इतक्या उशिरा!

चिमणीला, त्यांच्या लाडक्या पेशंटला, ते हीच गोळी देत होते, ती आठ वर्षांची होती तेव्हापासून. गेल्याच आठवड्यात ती लाजत म्हणाली होती, "काका, तिसरा महिना लागलाय." आणि या शहाण्याने तोंडभर कौतुक करून पुन्हा तीच गोळी लिहून दिली होती.

त्यांनी फोन ओढला. नंबर लावताना दोनदा चुकला.

"चिमणे, ऐक. ती गोळी एकदम बंद करू नकोस, फिट येईल. पण आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. चूक माझी आहे, बाळा."



"काका, घाबरू नका. लग्न ठरलं तेव्हाच मी तिथे दाखवलं. त्यांनी हळूहळू गोळी बदलली. दीड वर्ष झालं."

"मग दर महिन्याला माझ्याकडून चिठ्ठी कशाला नेत होतीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं हो."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे पुसले, ते स्वतःशी हसलेसुद्धा. मग त्यांची नजर कार्डांच्या कपाटाकडे गेली आणि हसू विरलं. त्यांनी कंपाउंडरला हाक मारली.

"फिट येणाऱ्या सगळ्या बायकांची कार्डं काढ."

"सगळ्या? चाळीसेक तरी निघतील की!"

"सगळ्या."

गठ्ठ्यातलं पहिलंच कार्ड कोपऱ्यावरच्या शिंपिणीचं होतं. डॉक्टरांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: दोन महिने पाळी नाही. त्याखाली तीच गोळी, रोज दोन वेळा.

त्यांनी नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना.