सिलिंडर बदलताना

वहिनीने मूठ वळली की डावी करंगळी बाकीच्या बोटांच्या किंचित मागे राहते. सूज उतरली, प्लास्टर निघाले, तरी ती उशिराच येते. माझ्याखेरीज कुणाच्या ते लक्षात आले नसावे.

वहिनी रुग्णवाहिकेवर नर्स आहे. मध्यंतरी एका म्हाताऱ्याला दवाखान्यात नेताना वाटेत ऑक्सिजन संपत आला. दुसरा सिलिंडर जोडायचा तर आधी पहिला बंद करावा लागतो. तेवढा वेळ वायूचा आवाज थांबतो. नातेवाइकाला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवायचे, हा त्यांचा नियम. पण म्हाताऱ्याचा मुलगा फार रडत होता म्हणून वहिनीने त्याला मागे घेतले, आणि आपण काय करतोय हे त्याला सांगायचे राहून गेले. आवाज थांबला तशी त्याची समजूत झाली की हिने बापाचा श्वासच बंद केला. हाताला लागला तो पाना त्याने तिच्या मनगटावर घातला. वहिनीने उजव्या हाताने दुसरा सिलिंडर जोडला, दाबाचा काटा वर चढलेला पाहिला, आणि मगच खाली बसली. म्हातारा वाचला.

रुग्णवाहिकेच्या माणसांवर हात उगारणाऱ्याला तुरुंगात धाडणारा कायदा आहे. पण त्यासाठी वहिनीचा जबाब हवा होता, आणि ती तो पुढे ढकलत होती. म्हाताऱ्याचा मुलगा आमच्या घरी येऊन गेला. तक्रार झाली तर आपली नोकरी जाईल म्हणाला.

“बापाचा जीव जाताना बघत होता गं तो,” ती मला म्हणाली. “आणि सांगायला मीच विसरले.”

आज ती डबा घरी विसरली, म्हणून मी तिच्या आरोग्य केंद्रावर गेले. अंगणात रुग्णवाहिका उभी होती, मागचे दार उघडे. जबाबासाठी हवालदारबाई पुन्हा आल्या होत्या.

“चहा घ्या, मॅडम,” ड्रायव्हरकाका त्यांना म्हणाले. “आमच्या सिस्टरांचा जबाब म्हणजे सरकारी रस्ता. काम चालू आहे, एवढंच कळतं.”

“काका, तुमचे ब्रेक बघा,” वहिनी आतून म्हणाली.

“ब्रेक ठणठणीत आहेत. तुम्हीच लावून बसलाय.”

हवालदारबाई हसल्या. “सांगायचं राहिलं, तो गुन्हा नाही हो. पाना घातला, तो आहे. बाकी तुमची मर्जी.”

वहिनीची रोजची तपासणी चालू होती. तिचे हात पाहत राहावेत असे चालतात. उगाच एकही हालचाल नाही. तिने सिलिंडर बंद केला. आवाज थांबला, आणि तिची मान झटकन मागे वळली, नातेवाइकाच्या सीटकडे. सीट रिकामी होती.

“हे कधीपासून?” मी विचारले.

“कामावर परत आल्यापासून.” ती म्हणाली. “काल एक बाई होती. तिचा मास्क घसरला होता. नवरा पुढे, काकांशेजारी. तरी मी आधी या सीटकडे पाहिलं. मग तिच्याकडे.”

काकांनी कप खाली ठेवला.

वहिनीने दुसरा सिलिंडर जोडला, काटा तपासला, पाना जागेवर अडकवला. मग खाली उतरली आणि हवालदारबाईंसमोर उभी राहिली.

“मॅडम, मी सांगायला विसरले तेही लिहा. तो घाबरला होता तेही लिहा,” ती म्हणाली. “पण मला तक्रार द्यायची आहे.”