घरी रेंज कुणाची?

बेल्ह्याच्या पेठेत आमचं मोबाइलचं दुकान आहे. गल्ल्यावर हे बसतात, बाजारात त्यांना सगळे परवेजभाई म्हणतात. फोन दाखवायचं काम माझं. हँडसेट आम्ही पुण्याहून आणायचो, कुठलंही सिम चालणारे. फोन हातात देण्याआधी मी प्रत्येकाला एक गोष्ट विचारायची, "घरी रेंज कुणाची येते?" आमच्या भागात गावठाणात एका कंपनीची रेंज असते आणि त्याच गावच्या मळ्यात दुसरीची. ते पाहून सिम द्यायचं. वस्तीवरच्या बायका त्यामुळंच आमच्याकडं येत. नूरजहाँताईनं दिलेला फोन घरी लागतो, असं त्या एकमेकींना सांगत.

मग एका सिम कंपनीचा माणूस आला. भगवंत त्याचं नाव. पायरीवर उभा राहूनच बोलायला लागला.

"परवेजभाई, सुटे हँडसेट विकायचे दिवस गेले राव. लोक घरबसल्या कंपनीकडूनच मागवतात. तुमी मधी कोन? त्यापेक्षा आमचा माल ठेवा. फोन आमचा, सिम आमचं. दुसऱ्याचं सिम घातलं तर चालूच व्हनार न्हाई."

"आणि जिथं तुमची रेंज नाही तिथं?" मी विचारलं.

तो हसला. "भाभी, आमचा टॉवर तुमच्या डोक्यावर हाये. गिऱ्हाइकाला हितं लावून दाखवायचं. घरी कुनाची रेंज, हे तेवढं इचारू नका. मानूस इचारात पडला की फोन खाली ठेवतो."

एका सोमवारच्या बाजारात चाळीस फोन गेले तर एजन्सी आमची. नाहीतर खालच्या आळीतल्या दुकानाची. यांनी माझ्याकडं न बघता मान हलवली.

त्या सोमवारी माझा रोजा होता. सोमवार आणि गुरुवार मी कधी चुकवत नाही. बैलबाजार भरला होता, टेम्पो पार वेशीपर्यंत लागले होते. दुपारी कल्याणी आली. लोणीच्या अलीकडं, कालव्याखाली, उसाच्या मधोमध तिचं घर. नवरा सोमनाथ चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा येतो. घरी ही आणि सासू सारजाबाई.

"जयभीम ताई. मोबाइल द्या. जुना हौदात पडला, सिमपन गेलं."

"जयभीम. पाणी घे आधी. शेळ्या विकल्यास वाटतं?"

"दोनच ऱ्हायल्या व्हत्या, विकल्या. तिसरी बुधवारी बिबट्यानं नेली. दावं तेवढं ऱ्हायलं गोठ्यात." ती पाणी प्यायली. "फारेस्टवालं म्हनलं, ग्रुपवर बघत जावा, कुटं दिसला ते कळतंय. आन दिसला तर फोन करा. पन फोनच न्हाय तर काय करू? आत्याबाईंना दिसत न्हाय. मला लई भ्या वाटतं ताई."

मी कंपनीचा फोन काढला, सिम घातलं. रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. तो सदतिसावा फोन होता. भगवंत खुर्चीवर बसून चहा पीत होता.

"घरी लागंल ना?" कल्याणीनं विचारलं.

माझ्या जिभेवर नेहमीचा प्रश्न आला. यांनी खोकल्यासारखं केलं. मी म्हणाले, "हे बघ ना, फुल रेंज आहे."

ती हसली. "तुमी म्हनला म्हंजी झालं."

दिवस कलताना असरच्या नमाजला बसले तेव्हा मी मनाशी म्हणत होते, रोज्यात खोटं बोलले नाही. रेंज फुल होती. फुल आहे तेच मी म्हणाले. सजद्यात कपाळ टेकलं आणि तिथंच मला कळलं की मी अल्लाहला हिशेब समजावून सांगतेय, दुवा मागत नाहीये.

बाजार उठला की त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांना मी एकेक फोन लावते, घरी पोचला का म्हणून. पेठेतले लागले. आळे गावाकडचे लागले. कल्याणीचा लागला नाही. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती क्षेत्राच्या बाहेर आहे, असं ती बाई शांतपणे सांगत राहिली. चार वेळा लावला, चारही वेळा तेच.

"उद्या बदलून देऊ," हे म्हणाले. "कुठं पळून चाललाय का फोन?"

एवढ्यात दुकानाच्या मोबाइलवर ग्रुपचा मेसेज आला. कालव्याच्या पुलाजवळ बिबट्या दिसला आहे. सोबत दोन पिल्लं. लोणीकडच्या वस्त्यांनी घराबाहेर पडू नये.

मी तो मेसेज यांच्यापुढं धरला. त्यांनी वाचला, परत वाचला, आणि शटर ओढलं.

मोटरसायकलवर मी मागं बसले होते. पिशवीत एक सुटा हँडसेट आणि तिच्या घरी लागेल असं सिम. हातात कंपनीचा फोन. बेल्हं सुटलं तेव्हा चार काड्या होत्या. पुढं तीन झाल्या. घाट उतरलो तशी एक. कालव्याच्या रस्त्याला लागलो आणि तीही गेली. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस. दिवस बुडाला होता, पण उजेड अजून होता. रस्त्यावर माणूस नव्हतं, कुत्रंही नव्हतं. आमच्या गाडीचा आवाज तेवढा उसावर आपटून परत येत होता.

"सांगायला हवं होतं तिला," मी म्हणाले.

"मी खोकलो नसतो तर सांगितलं असतंस," हे म्हणाले.

कल्याणीच्या घराचं दार सताड उघडं होतं. सारजाबाई ओट्यावर काठी घेऊन बसल्या होत्या. गाडीच्या आवाजानं त्यांनी मान वर केली.

"सोमनाथ व्हय रं?"

"मी नूरजहाँ, बेल्ह्याची. दुकानवाली. कल्याणी कुठंय?"

"पावनं, या की बसा." म्हातारी खुश झाली. "ती रेंज बघाया गेलीय. आल्यापास्नं तेच चाललंय. घरात लागना, गोठ्यात लागना, कौलावर चढली, तितंबी लागना. मी म्हनलं, मेलं खराब असंल, दे परत. तर मलाच म्हनती, आत्याबाई, ताई खोटं बोलायची न्हाय. फुल रेंज म्हनली. आपल्यालाच गावत न्हाय."

"कुणीकडं गेली?"

काठी उसाकडं वळली. "बांधानं वर. कालव्याच्या अंगाला."

यांनी गाडी बांधापर्यंत नेली. पुढं वाट पायाची होती. यांनी हेडलाइट उसावर मारला आणि हॉर्न दाबून धरला. तेव्हा ती दिसली. लांब, बांधाच्या टोकाला, उसाला पाठ करून उभी. एक हात उंच. त्या हातात फोनचा पांढरा उजेड.

तिच्या मागं, वारा नसताना, उसाचे दोन-तीन शेंडे हलले. मग थांबले. मग थोडं अलीकडचे हलले.

मी आयुष्यात कधी मोठ्यानं ओरडले नाही. आमच्या घरात बायकांचा आवाज माजघराबाहेर जात नाही. त्या संध्याकाळी मी घसा फाटेस्तोवर ओरडले, "कल्याणी! मी फसवलं तुला! त्या फोनला इथं रेंज नाही! फोन टाक आणि इकडं ये! पळ!"

हॉर्न चालूच होता. तिनं मान वळवली. मी काय म्हणाले ते तिला कळलं नसावं, माझा आवाज मात्र ओळखला. तिनं दुसरा हात हलवला आणि तिचं हसरं बोलणं तुटत तुटत आमच्यापर्यंत आलं.

"ताई! तुमचंच खरं! एक काडी आली! थांबा, जरा मागं सरते..."

आणि फोन तसाच उंच धरून ती बांधावरून मागच्या उसाच्या बाजूला एक पाऊल उतरली.

यांनी हॉर्न सोडला आणि धावत सुटले. मी त्यांच्या मागं. तिच्या फोनचा उजेड उसाच्या पात्यांत गेला, क्षणभर पात्यांमधून चमकला, आणि मग दिसेनासा झाला.