धूर गेला, जोर राहिला

मित्रांनो, धक्क्याच्या टोकाला उभी असलेली बुटकी, पोट सुटलेली बोट पाहून हसू आले तर खुशाल हसा. मी एक जुना टग आहे. समुद्र पार करून येणाऱ्या बड्या जहाजांना बंदरात शिरल्यावर धड वळताही येत नाही. मग मला बोलावतात. मी त्यांना नाकाने ढकलतो, दोराने ओढतो. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे माझ्याबद्दल म्हणतात. म्हणजे, बहुतेक वेळा मीच म्हणतो.

पोलादी पत्रे जोडून एका गोदीत माझे अंग घडले आणि पोटात धिप्पाड डिझेल इंजिन बसले. थोरले कप्तान माझे पहिले चालक. जहाज धक्क्यावरून काढायचे, की आम्ही पाण्याच्या बाजूने ओढायला लागायचो. जहाजाआड मी धक्क्यावरून दिसत नसे. दिसे तो फक्त माझ्या धुराड्याचा काळाकुट्ट लोट. तो वर आला, की लोक ओरडत, "धूर निघाला!" आमच्या बंदरात त्याचा अर्थ एकच होता: टगने भार घेतला, आता शेवटचा दोर सोडा. आधी सोडला तर वाऱ्याने जहाज भलतीकडे जायचे. दोर सोडायचे काम गाठमामांचे. त्यांनी मारलेली गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नसे, म्हणून हे नाव. माझ्या धुराचे एवढे कौतुक ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

पण तो धूर जायचा कुठे? वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडक्यांच्या गजांवर, माणसांच्या छातीत. थोरले कप्तान निवृत्त झाले ते खोकला सोबत घेऊनच.

पुढे बंदराने धूर कमी करायचा चंगच बांधला. क्रेन विजेवर आल्या. धक्क्याला लागलेल्या जहाजांना तिथूनच वीज मिळू लागली, म्हणजे त्यांनी आपली इंजिने बंद ठेवावीत. माझ्याकडे पाहून मात्र बंदराचे साहेब म्हणाले, "हा धूर ओकतोय. काढा भंगारात."

मी कोपऱ्यात गंजत पडलो. पक्षीसुद्धा माझ्यावर फक्त घाण करायला बसत. फार वाईट वाटले मला.

तेव्हा थोरल्या कप्तानांची लेक पुढे आली. तीही आता कप्तान होती, सगळे तिला ताई म्हणत.

"साहेब, याचं अंग अजून खणखणीत आहे. इंजिन काढून मोटर आणि बॅटऱ्या बसवा."

"आणि जहाज हललं नाही तर?"

"तर मीच याला भंगारवाल्याकडे सोडून येईन."

घरी बापाने तिला वेड्यात काढले. "बॅटरीवर खेळणी चालतात, टग नाही!" हे ताईनेच मला सांगितले. ती माझ्याशी बोलते, पण कुठे बोलू नका.

पण साहेबांनी होकार दिला, माझे इंजिन आणि धुराडे निघाले, मोटर आणि बॅटऱ्या बसल्या आणि परीक्षेचा दिवस आला. धान्याने भरलेले जहाज बाहेर काढायचे होते. साहेब आले, थोरले कप्तानही काठी टेकत आले आणि मी दिसेन असे धक्क्याच्या टोकाला उभे राहिले. ताईने मोटर सुरू केली. ना धडधड, ना धूर. मी जोर लावला. जहाज हलेना. आणखी लावला. छे! बॅटरीचा काटा खाली खाली येऊ लागला. आज हललो नाही, तर उद्या माझे तुकडे होणार होते.

"संपलं," साहेब म्हणाले. "हे त्याच्या आवाक्यातलं नाही."

थोरल्या कप्तानांनी माझा ताणलेला दोर पाहिला. मग धक्क्यावर नजर टाकली आणि काठी उगारून ओरडले, "अहो गाठमामा, शेवटचा दोर अजून बांधलेलाच कसा?"

"धूर कुठे निघालाय, कप्तान? त्याने भार घेतलाच नाही अजून!"

"त्याला धुराडंच ठेवलं नाही, तर धूर काय कानातून काढेल? भार घेतलाय त्याने! ताई, जरा सैल सोड. मामा, सोडा तो दोर!"

मामांनी जीभ चावली आणि गाठ सोडली. ताईने पुन्हा जोर लावला. जहाज बोटभर हलले, मग हातभर, आणि धक्का व जहाज यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा दिसू लागला. माझा जीव भांड्यात पडला. भंगाराचे नाव साहेबांनी पुन्हा काढले नाही. आता भार घेतला की मी शिट्टी देतो.

संध्याकाळी थोरले कप्तान माझ्यावर चढले. नव्या मोटरजवळ गेले. मग लेकीला म्हणाले, "हे कसं चालवायचं, मला शिकव."

शेजारचे दोन टग अजून धूर ओकतात. ताईने त्यांच्या पोटाचीही मापे घेतली आहेत. मित्रांनो, जुनी वस्तू धूर सोडते म्हणून तिला फेकायची घाई करू नका, आणि धूर सोडू देऊही नका. तिच्यात काय बदलायचे ते शोधा आणि हट्टाने बदला. कठीण आहे, हे मला मान्य. पण या वयात थोरले कप्तान नवे शिकायला बसतात, तर तुम्हा-आम्हाला काय धाड भरली आहे?