सटवाजीची वाघूर

चपला दाराबाहेर काढून अख्खं संचालक मंडळ कॉम्प्युटरच्या खोलीत उभं होतं आणि सटवाजी बटण दाबत नव्हता.

“दाब की,” अध्यक्ष आबासाहेब म्हणाले. “का पूजा करायची ऱ्हायली?”

सगळे हसले, सटवाजी हसला नाही. तेव्हाच मला काहीतरी उमगायला हवं होतं. पण मी पडलो मेंढीपालन संघाचा हेडक्लार्क. माझं सगळं लक्ष चहा किती सांगायचे यात.

ही गोष्ट ब्याण्णव सालची, परभणीतली. आमच्या संघाच्या कळपात त्या वर्षी वाकड्या जबड्याची कोकरं जन्माला येऊ लागली होती. त्यांना आईचं आचळ तोंडात धरता येत नसे आणि बघता बघता ती जात. दोष रक्तातला आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण कोणत्या मेंढीच्या रक्तातला, हे कुणालाच सांगता येईना. रजिस्टरात प्रत्येक मेंढीपुढे फक्त तिच्या आईचं नाव. चार पिढ्या वर चढेपर्यंत आपण नेमकी कुणाची आई शोधत होतो, तेच माणूस विसरून जाई. शेवटी मंडळानं ठरवलं, सगळा कळपच विकून टाकायचा. गावोगावी एडके पुरवणारा आमचा कळप आता खाटकाच्या दारात जाणार होता.

तेव्हा सटवाजीनं थोडी मुदत मागितली. सोनपेठकडच्या धनगराचा हा पोरगा, बी.एस्सी. झालेला, औरंगाबादेत डीबेस, म्हणजे कॉम्प्युटरवर तक्ते मांडायचं तंत्र, शिकून आलेला. बापजाद्यांनी रानात मेंढ्या वळल्या, हा काचेआड वळतो, असं आम्ही त्याला चिडवायचो. आधी त्यानं तक्त्यात एकेका पिढीसाठी एकेक रकाना वाढवून पाहिला. तक्ता फुगत गेला आणि पिढ्या काही संपेनात. मग त्यानं निराळीच युक्ती काढली. समजा, मेंढी मेंढवाड्यात शिरली की तिला एक आकडा, बाहेर पडली की दुसरा. आई आधी शिरते, मग लेकी-नाती आत जाऊन बाहेर येतात, आणि आई सगळ्यांत शेवटी बाहेर पडते. तिच्या लेकी, लेकींच्या लेकी, सगळ्यांचे आकडे या दोहोंच्या मधे. कुठल्याही मेंढीचे दोन आकडे घ्या, मधे सापडेल ती सगळी तिची वेल. एका साध्या तक्त्यात आईच्या पोटात लेक आणि लेकीच्या पोटात नात, अशा हव्या तितक्या पिढ्या मावायला लागल्या.

या कामाचे छोटे छोटे प्रोग्राम त्यानं एका फ्लॉपीवर असे बांधून ठेवले, की कुणीही उचलावेत आणि आपल्या कामाला लावावेत. नाव ठेवलं ‘वाघूर’. धनगर मेंढ्यांभोवती जाळं बांधतात, त्याला वाघूर म्हणतात. गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यानं ती फ्लॉपी नेऊन आपल्या मशिनींचे भाग आणि भागांतले भाग तिच्यात भरलेसुद्धा. पुण्याचा कुणी पाहुणा आला की मी आधी त्याला ही वाघूर दाखवायचो. मला तिचं काडीचं कळत नव्हतं, पण अभिमान मात्र असा, जणू मीच ती लिहिली.

अखेर सटवाजीनं बटण दाबलं. वाकड्या जबड्याची सगळी कोकरं एकाच मेंढीच्या दोन आकड्यांमध्ये येऊन बसली. वर नाव होतं, चांदी.

चांदी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सटवाजीच्या आईला, केवळाबाईला, तिच्या बापानं लग्नात मेंढी आंदण दिली होती. चांदी त्या मेंढीच्या वेलीतली. आंदणाची वेल विकायची नाही, अशी त्यांच्यात रीत. म्हणून संघ सुरू होताना केवळाबाईनं चांदी आम्हाला फुकट दिली होती. चांदीच्या त्याआधीच्या लेकी आणि त्यांच्या लेकी अजून केवळाबाईच्या घरी चरत होत्या. सटवाजी गप्प बसला असता तर संघाचा कळप गेला असता, आईचा मात्र सुखरूप राहिला असता.

“तेवढं नाव गाळून टाक,” आबासाहेब हळूच म्हणाले. “कळप इकू, नवा आणू. त्या बाईला कशाला दुखवायचं?”

“एक गाठ सोडली तर समदी वाघूर उसवती, आबासाहेब,” सटवाजी म्हणाला. “मंग तिच्यात काईच ऱ्हायचं न्हाई.”

त्याच दिवशी तो एस.टी.नं गावी गेला. परत आल्यावर एवढंच म्हणाला, की आईनं सगळं ऐकून घेतलं आणि काही विचारलं नाही.

संघातली चांदीची वेल तेवढी खाटकाकडे न्यायला ट्रक लागला, त्या दिवशी केवळाबाई संघाच्या फाटकात उभी राहिली. घरची मेंढरं घेऊन ती सोनपेठकडून पायी आली होती. त्यांच्यावर संघाचा काही हक्क नाही, हे आबासाहेबांनी तिला परत परत सांगितलं.

“हक्काचं कोण बोलायलंय?” ती म्हणाली. “ह्यांचे एडके गावात फिरत्यात. दुसऱ्याच्या कळपात ही पीडा कशाला?”

मग तिनं ती वाघूर बघायला मागितली. वहाणा काढून आत आली आणि पडद्यासमोर उभी राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. सटवाजीनं चांदीच्या नावावर बोट ठेवलं.

“किती पिढ्या मावत्यात ह्यात?”

“कितीबी, माय.”

“मंग चांदीला ऱ्हाऊ दे. पुसू नको.”

सटवाजीनं मान डोलावली. ती आबासाहेबांकडे वळली. “तुमचा बाकीचा कळप माह्या लेकानं राखला,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, होता तो अभिमान.

आधी संघाची, मग तिच्या घरची, एकेक मेंढी ट्रकमध्ये चढताना तिनं तिच्या कपाळावरून हात फिरवला. ट्रक गेला. मी म्हटलं, एस.टी.त बसवून देतो. आल्या पायी जाते, म्हणाली.

सटवाजी आणि मी फाटकात उभे राहून बघत होतो. दुपारचा रस्ता मोकळा पडला होता. तरी केवळाबाई अगदी कडेकडेनं चालली होती, मधला रस्ता मेंढरांना सोडून.