माझी माशी कुणी सरकवली?

मी एक जुनी रायफल बोलतेय. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर विश्वास नाही. माझ्याजवळ येतात ती माणसं एक डोळा मिटूनच येतात. अशांवर भरवसा ठेवायचा तरी कसा?

बंगालकडच्या एका कारखान्यात मी जन्मले. फौजेत किती खांदे बदलले, आठवत नाही. वय झालं तशी माझ्या नळीत बारीक नळी बसवली, छोटी गोळी दिली आणि मला सुरतेला, उधन्याच्या एका कॉलेजात एनसीसीच्या कॅडेटांना शिकवायला धाडलं. इथला हवालदार बळीराम माझा रखवालदार. वऱ्हाडातला माणूस. कुलूप लावून झालं तरी तीनदा ओढून बघतो, म्हणून तर आमचं जमतं.

माझ्या नळीच्या टोकावर एक बारीक पत्ती आहे, तिला माशी म्हणतात. नेम धरायचा तो तिच्यावरून. ती केसभर सरकली तरी गोळी भलतीकडे घुसते.

गेल्या थंडीत दिल्लीच्या शिबिराला कॉलेजातून एकच कॅडेट जायचा होता. चुरस धनश्री आणि गजेंद्रमध्ये. धनश्रीच्या बापाचं नाव दगा, माणूस धुळ्याकडचा, कापडाच्या लूमवर काम करतो. गजेंद्रची आई कलाबाई साड्यांना लेस लावते. दोघं एकाच गल्लीतली, पण त्या महिन्यात एकमेकांकडे नुसती संशयानं बघायची.

शुक्रवारच्या सरावात धनश्रीच्या पाचही गोळ्या काळ्या ठिपक्याच्या चार बोटं डावीकडे गेल्या. बळीराम म्हणाला, रविवारी निवडीआधी बघू. तो खरंच बघेल, असं तिला काही वाटेना. घरी तिनं बापाला विचारलं. दगानं लूमवरचीच रीत सांगितली, कापड डावीकडे पळायला लागलं की उजवीकडे ओढायचं. झालं! शनिवारी सफाईच्या वेळी मी तिच्या मांडीवर, बळीराम चहाला गेलेला. तिनं पितळी खिळा टेकवला, हातोडीनं टकटक केलं आणि माझी माशी उजवीकडे सरकवली. अगं बाई, उलटं करतेयस! पण माझं ऐकतंय कोण?

रविवारी गजेंद्रनं मला खांद्यावरून कामरेजजवळच्या मैदानात आणलं. गडबडीत बळीरामचं बघायचं राहून गेलं. धनश्रीनं पाच गोळ्या मारल्या, त्या आठ बोटं डावीकडे. बळीरामनं मला उचलून बघितलं. माशीवर ताजा ठोका दिसत होता. हे कुणीतरी मुद्दाम केलंय, असं तो निवड करणाऱ्या एनसीसीच्या साहेबांना म्हणाला.

धनश्रीला वाटलं, आपण नीट केलेली माशी गजेंद्रनं बिघडवली.

"सर, सकाळपासून रायफल गजेंद्रकडेच होती," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच सगळ्यांना चटकन पटलं. गजेंद्र सांगत राहिला की त्यानं मला फक्त खांद्यावरून आणलं. साहेबांनी त्याचं नाव कापलं.

मग बळीराम माशी डावीकडे ठोकायला बसला. उलटं करताय, असं धनश्री म्हणाली.

"गोळी जिकडं जाते, माशीबी तिकडंच सरकवा लागते, पोरी," तो म्हणाला.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं गजेंद्रकडे बघितलं, ओठ उघडले. तेवढ्यात साहेबांनी तिला पुन्हा पाच गोळ्या मारायला सांगितलं आणि ते ओठ मिटले. पाचही काळ्यात बसल्या. ती दिल्लीला गेली, पदक घेऊन आली.

गजेंद्रला गोळीबार बंद झाला. एनसीसीच्या सर्टिफिकेटची परीक्षा दिली असती तर त्याला पोलीस भरतीत जास्तीचे गुण मिळाले असते, पण डाग लागलेल्याला बसवणार नाही, असं साहेब म्हणतात. परीक्षेची यादी सोमवारी जायची आहे. शिक्षा म्हणून तो रोज रायफली पुसतो. मला पुसताना माशीपाशी आला की थांबतो, बळीरामला हाक मारतो. बळीराम येऊन त्याच्या हातांकडे टक लावून उभा राहतो, मगच तो फडकं फिरवतो. मला ते बघवत नाही.

धनश्री, पलीकडच्या खोलीत तू पदक घालून फोटो काढतेयस, तुझं हसू इथं ऐकू येतंय. जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. तुझ्यावर घेत नाही, कारण मला ठाऊकच आहे. आज शनिवार आहे. मला बोलता येत नाही, पोरी. तुला येतं.