मावशीचा उजवा कोपर

“मावशी, त्या वरच्या कुंडात हात घालू नका! बटाटे शिजतात तिथं!” कुंडावरचा रखवालदार ओरडला.

“मग मी काय बटाट्याहून कोवळी आहे?” असं म्हणत मावशी खालच्या कुंडाशी बसली आणि तिनं उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात सोडला. चहूकडचे डोंगर बर्फाखाली गेले होते, मधे ही गरम पाण्याची कुंडं तेवढी वाफाळत होती. आज पाचवा दिवस. उद्या परतीची गाडी.

लेक सोडली तर सगळं जग तिला मावशीच म्हणायचं. बाळंतिणींच्या दवाखान्यात चौतीस वर्षं तिनं नुकत्या जन्मलेल्या बाळांना आंघोळ घातली. डाव्या हातावर बाळ आणि उजवा कोपर पाण्यात. कोपरानं हो म्हटलं की बाळ पाण्यात. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, तोंड सावरलं, जीभ तर कधी अडखळलीच नाही. उजवा हात मात्र नुसता हलायचा. टाचणी टोचली तरी त्याला पत्ता नसे.

लेकीची रजा पुढच्या आठवड्यात संपत होती. चार महिन्यांच्या नातीचं नाव पाळणाघरात घालून झालं होतं. मावशीनंच हट्ट धरला होता, “मला एकदा त्या कुंडांवर ने. हात जागा झाला तर पोर माझ्याकडे राहील. नाही झाला तर मी चकार शब्द काढणार नाही.”

“अगं आई, डॉक्टर म्हणाले की आता...”

“तो डॉक्टर माझ्याच हातचं न्हालाय. त्याचं मला नको सांगूस.”

आणि आज खांद्यापाशी काहीतरी ऊन ऊन लागलं. ती ऊब खाली कोपरापर्यंत उतरली असं तिला वाटलं. खरं तर तिनं तसं वाटून घेतलं.

“अगं, कळलं मला! कोपराला कळलं!”

“खरंच?” लेकीचे डोळे भरून आले. “मग आज छकुलीला तूच घाल आंघोळ.”

खोलीवर आल्यावर लेकीनं कुंडाचं कढत पाणी टबात ओतलं आणि विसणाला गार पाणी आणायला ती बादली घेऊन नळावर गेली. मावशीला कुठला दम निघायला! तिनं पोरीचे कपडे उतरवले, तिला डाव्या हातावर घेतलं आणि कोपर पाण्यात घातला. वाफ दिसत होती, पण त्या थंडीत माणसांच्या तोंडातूनही वाफच निघत होती.

बाळाचं पाणी बरोबर असलं की कोपराला ना ऊन लागत, ना गार. तो गप्प राहतो. आत्ताही तो गप्पच राहिला.

“बरोबर आहे,” मावशी लाडानं म्हणाली आणि पोरीला पाण्याकडे नेऊ लागली.

“आई!” दारातून आलेल्या लेकीनं बादली टाकून पोर हिसकावून घेतली. “पोळेल ना गं ती! विसण घालायचंय अजून!”

पोरीला काही झालं नव्हतं. ती दचकून रडत होती, इतकंच. मावशीचा कोपर मात्र लालबुंद झाला होता.

“मला बरोबर वाटलं गं,” मावशी म्हणाली.

लेक पोरीला छातीशी धरून कॉटवर बसली. तिनं चार शब्द सुनावले असते तर मावशीला बरं वाटलं असतं. आपण आता कुणाच्याच कामाच्या नाही, हे मावशीला झटका आला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. ते आत्ता वाटलं आणि तिला रडूही येईना.

पोर झोपल्यावर लेकीनं आईच्या कोपराला मलम लावलं. फोड आला होता.

“पाळणाघरातली बाई कशी आहे?” मावशीनं विचारलं.

“चांगली आहे. आंघोळही तीच घालणार.”

“तिला सांग, हिच्या मानेच्या वळीत पाणी राहतं. तिथं नीट पुसायचं. लिहून घे, विसरशील.”

लेकीनं वही काढली.

“डोक्यावर पाणी एकदम ओतायचं नाही, घाबरते ती. आधी पायांवर घालायचं. आणि हातातून साबण निसटला तरी पोर सोडायची नाही म्हणावं.”

“हं.”

“आणि पाणी...” मावशी थांबली. लेक पेन धरून खाली मान घालून बसली होती.

“पाणी तापमापकानं बघायला सांग.”

लेकीनं तेही लिहून घेतलं.