बारीक वायर

दीपिकानं काउंटरवर सर्किटचा बोर्ड ठेवला आणि बिघाड सांगायला सुरुवात केली. चौथ्या वाक्यालाच मुखरूभाऊला दोष कुठे आहे ते कळलं.

"टेबलावर एकदम बराबर चालते, भाऊ. तासभर वाजवला तरी काई होत नाई. पण तिकडं साठ मीटर वायर ओढून झाडापाशी लावला का भोंगा एक सेकंद वाजते अन् बसते. मंग मिनिटभर काईच नाई. मंग आपोआप चालू."

नागभीडच्या बसस्टँडमागे मुखरूभाऊचं रेडिओदुरुस्तीचं दुकान पस्तीस वर्षं होतं. आता रेडिओ कोणी आणत नव्हतं. मिक्सर यायचे, पंखे यायचे, दसऱ्याच्या आधी दोन-चार अ‍ॅम्प्लिफायर यायचे. दीपिका बारा कोसांवरच्या जांभूळझरीची. डिप्लोमाला असताना सलग दोन उन्हाळे ती याच काउंटरच्या आत स्टुलावर बसून कामं शिकली होती. सोल्डरचा डाग कसा द्यायचा, जळका रेझिस्टर वासावरून कसा ओळखायचा, मीटरचा काळा पिन आधी लावायचा की लाल, हे सगळं तिला त्यानं दाखवलेलं. डाग ओबडधोबड पडला की तो तिच्या बोटांवर पेन्सिलीनं मारायचा. ती हसायची आणि पुन्हा करायची.

जांभूळझरीला मागच्या हंगामात वाघानं दोघांना नेलं होतं. मोहफुलं वेचायला बायका पहाटे फटफटायच्या आत जंगलात शिरतात, वाकून बसतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं. म्हणून दीपिकानं मोहाच्या राईभोवती चार खांबांवर सेन्सर बसवले. अंगाची ऊब हलली की सेन्सरला कळायचं, सेन्सर बोर्डाला सांगायचा, बोर्ड भोंगा वाजवायचा. बॅटरी आणि सोलरची पाटी शाळेच्या छपरावर. तिथून साठ मीटर टेलिफोनची वायर ओढून तिनं बोर्ड आणि भोंगा दोन्ही तारांच्या एकाच जोडीवर घेतले होते.

त्या केसासारख्या वायरीतच सगळं होतं. भोंगा सुरू होताना एकदम करंट ओढतो, साठ मीटरच्या बारीक तारेत व्होल्टेज गळून पडतं, बोर्डाच्या तोंडी काही उरत नाही आणि तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्यानंतर सेन्सरला तयार व्हायला मिनिट लागतं. ते मिनिटभर तो आंधळा. भोंग्याला जाड वायर वेगळी ओढायची, बोर्डाजवळ वीज साठवणारा एक मोठा कपॅसिटर टाकायचा, की झालं. अर्ध्या दिवसाचं काम.

"मीटर लावून पाह्यला?" मुखरूभाऊनं विचारलं.

"लावला ना. बारा पॉइंट चार भेटते बोर्डापाशी."

भोंगा गप्प असताना मोजलं होतं तिनं. वाजत असताना मोजायला हवं होतं. त्याच्या जिभेवर आलं होतं ते.

पण पंधरा दिवसांपूर्वी त्यानं मोबाईलवर एक बातमी पाहिली होती. तहसीलच्या कार्यक्रमात, भोंगा बनवल्याबद्दल, दीपिकाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. माइक पुढे करून कोणीतरी विचारलं, हे कुठून शिकली? आणि ती म्हणाली, व्हिडिओ पाहून पाहून शिकली. एवढंच. मुखरूभाऊनं ती बातमी त्या दिवशी सहा वेळा पाहिली होती. सहाही वेळा ती तेच म्हणाली.

"सेन्सर खराब आहे," तो म्हणाला.

"चारही?"

"स्वस्तातले असतीन. ऊन तापलं का गरम हवेनं फसते तो. चारही बदल. अन् बॅटरी रातभर चार्जिंगले लाव, मंग चालव."

चार्ज केलेल्या बॅटरीवर चालणार, हे त्याला माहीत होतं. व्होल्टेज गळलं तरी बोर्डापुरतं उरेल. बॅटरी थोडी उतरली की बसणार, हेही माहीत होतं. त्याच्या मनात एवढंच होतं की हे सगळ्या गावासमोर बसावं. सरपंच असावा, मोबाईलवाले असावेत, आणि मग तिनं मान खाली घालून या काउंटरशी यावं.

दीपिकानं त्याचा शब्द घेतला. नागपूरहून नवे सेन्सर मागवले, बॅटरी भरली. भोंगा गावासमोर चालू करायच्या कार्यक्रमाला मुखरूभाऊ मुद्दाम गेला आणि मागच्या खुर्चीत बसला. सरपंचानं राईत पाऊल टाकलं तसा भोंगा असा कडाडला की पलीकडच्या तळ्यावरचे बगळे उठले. तीनदा वाजवून दाखवला, तीनदा वाजला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दीपिका मागं येऊन त्याच्या पाया पडायला वाकली. "सेन्सरच होते, भाऊ," ती म्हणाली. तो म्हणाला, "मंग?"

त्या दिवसापासून जांभूळझरीच्या बायकांची चाल बदलली. आधी त्या दहा-बाराच्या घोळक्यानं, डबे बडवत जायच्या. आता भोंगा होता. जिला जेव्हा सवड होईल तेव्हा ती टोपली घेऊन निघायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अवकाळी ढग आले आणि पाच दिवस सूर्य दिसला नाही. सोलरच्या पाटीला ऊन नाही, बॅटरी उतरत गेली. नागभीडला दुकानाच्या पायरीवर बसून मुखरूभाऊ रोज आभाळाकडे पाहायचा. बॅटरी आता कितीवर आली असेल याचा त्याला अंदाज होता. फोन हातात होता. दीपिकाचा नंबरही होता. आता येईल ती, असं तो मनाशी म्हणायचा.

सहाव्या सकाळी बुधरी एकटी राईत गेली. तिचा लेक चैतू विहिरीवर अंघोळ करत होता. त्यानं भोंगा ऐकला, एक सेकंद, कोणी चिमटीत धरून तोडल्यासारखा. खांबाजवळून शेळी गेली असेल असं त्याला वाटलं. त्यानं अंगावर दुसरी बादली ओतली.

बुधरीलाही तो ऐकू आला असणार. ती उठून उभी राहिली होती, आजूबाजूला पाहिलंही असावं, आणि भोंगा थांबला म्हणून पुन्हा खाली बसली होती. कारण वाघानं तिला नेल्यावर टोपली जिथे सापडली त्याच्या दोन पावलं पुढे तिनं वेचलेल्या फुलांचा दुसरा, ताजा ढीग होता.

पोरांनी खांब उपटले. बायकांनी दीपिकाच्या अंगणात सेन्सर आणून फेकले. तिच्या बापाला कोणी काही बोललं नाही, पण त्याच्याशी बोलणंच सोडलं. तिसऱ्या दिवशी सरपंचानं मुखरूभाऊला गाडी पाठवली. शाळेच्या ओट्यावर सगळं गाव जमलं होतं. दीपिका भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गालावर नखांचा ओरखडा होता.

"पाहा भाऊ, काय झालं ते," सरपंच म्हणाला. "तुमी जुने जाणकार."

मुखरूभाऊनं बोर्ड आणि भोंगा पुन्हा त्याच वायरीला जोडले, मीटर काढलं, भोंगा चालू करायला लावला आणि तो वाजत असताना काटा सगळ्यांना दाखवला. काटा धाडकन खाली आला. भोंगा बसला.

"वायर बारीक आहे," तो म्हणाला. "अर्ध्या दिवसाचं काम होतं. कोणाले विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"मी विचारलं होतं," दीपिका म्हणाली. "भाऊ, मी तुमच्याकडं आली होती. बोर्ड घेऊन आली होती."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. त्या वेळी खरं बोलायला वाट होती. तेवढं अंतर होतं मध्ये, एका श्वासाचं.

"आली होती," तो म्हणाला. "पण वायर किती लांब, हे नाई सांगितलं पोरीनं. डॉक्टरले दुखणंच नाई सांगितलं तर तो काय करन?"

"सांगितलं होतं! साठ मीटर म्हनलं होतं मी!"

"आता मले खोटं पाड," मुखरूभाऊ हळू म्हणाला आणि मीटरची वायर गुंडाळू लागला. बायकांमधून कोणीतरी दीपिकाला शिवी दिली. मग दुसरीनं दिली.

मुखरूभाऊनं खांब पुन्हा रोवून घेतले, जाड वायर ओढली, कपॅसिटर टाकला, बॅटरी खांबाच्या जवळ आणली. भोंगा आता ढगातही वाजतो. बाजूच्या दोन गावांनीही त्याला बोलावलं. पस्तीस वर्षांत मिळाली नव्हती तेवढी इज्जत त्या मे महिन्यात मिळाली. चैतूनं त्याचे पाय धरले. "भाऊ, तुमी आधी असते तर माही माय वाचली असती." मुखरूभाऊनं त्याला उठवलं. चैतूच्या खांद्यावरचा आपला हात कसा काढावा ते त्याला सुचेना.

जूनच्या सुरुवातीला भोंगा तपासायला गेला, तेव्हा तो दीपिकाच्या घरी गेला. ती पडवीत धान निवडत होती. डिप्लोमाची पुस्तकं बापानं पोत्यात भरून माळ्यावर टाकली होती. जुलैत लग्न होतं, आलापल्लीच्या पलीकडे कुठेतरी.

तिनं बसायला सांगितलं नाही. सूप हलवत राहिली.

"किती व्होल्टले बसत होता तो?" तिनं विचारलं.

"सातच्या खाली."

"अन् तुमाले कवा समजलं?"

तो उभाच होता. अंगणात कोंबडी पिलांना घेऊन फिरत होती.

"तू सांगितलं तवाच," तो म्हणाला.

सूप थांबलं. तिनं मान वर केली नाही.

"काऊन, भाऊ?"

मुखरूभाऊला कारण माहीत होतं. ते इतकं लहान होतं की त्याला तोंडातून काढायची लाज वाटली. एक शाल, एक नारळ, एक वाक्य.

"मले सांगून काय होते," दीपिका म्हणाली. "चैतूचं घर इथून सातवं आहे. त्याले सांगा."

"सांगतो," तो म्हणाला आणि निघाला.

सातव्या घराच्या अंगणात चैतू खाटेची दोरी आवळत होता. त्यानं पाहिलं आणि धावत आला. "भाऊ, उन्हात कुठी चालले? बसा, चहा घेऊन जा." मुखरूभाऊ खाटेवर बसला. चैतूच्या बायकोनं कपबशी आणून दिली. चहात साखर जास्त होती, पाहुण्याला घालतात तशी. चैतू समोर उकिडवा बसून भोंग्याचंच बोलत होता, परवा रानडुकरं आली तेव्हा कसा वाजला, किती लांब ऐकू गेला.

मुखरूभाऊनं चहा संपवला. बशीत सांडलेलाही प्यायला.

"येतो मंग," तो म्हणाला.

चैतूनं त्याची हत्यारांची पिशवी उचलली आणि फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटेत दीपिकाचं घर लागलं. ती दारात उभी राहून दोघांकडे पाहत होती. चैतू तिच्या दिशेनं थुंकला. मुखरूभाऊ पुढे बघून चालत राहिला, आणि बस आल्यावर पिशवी हातात घेऊन आत चढला.